वाजवी

रात्री सव्वाबारा. इस्त्रीच्या फळीवर लॅपटॉप,
जेवणाचं टेबल लेकीच्या शाळेनं अडवलंय.
मी सातवा मसुदा उघडते :
'साथकाळात आस्थापनांनी घ्यावयाची खबरदारी'.
खिडकीखाली मातोझिन्योशचा धक्का,
दोरांना बांधलेले ट्रॉलर एकमेकांना खेटून.
त्यांना अजून कुणी अंतर सांगितलेलं नाही.

कलम चार. मालकाने वाजवी काळजी घ्यावी.

वाजवी.
आमच्या धंद्यातला सगळ्यात लाडका शब्द.
मीटरमध्ये मोजता येत नाही, युरोमध्येही नाही,
किती होता ते कोर्टात गेल्यावर कळतं,
आणि तोवर माणूस
खोकून बरा झालेला असतो,
किंवा नसतो.

माझा आजा याच सार्डिनच्या कारखान्यात भोंगा वाजवी.
पहाटे तीनला मासळी लागली तरी वाजवी.
दोन लांब, एक आखूड : तो आमचा.
बायका झोपेत आपापला सूर ओळखत,
खांद्यावर शाल टाकून उतारावरून धावत सुटत,
ताप असलेलीही धावे,
कारण उशिरा येणारीला दार बंद.
तेव्हा कलमं नव्हती.
भोंगा हीच नोटीस.

फोन. सेन्योर बाल्तझार. मालकांची तिसरी पिढी.
"दोतोरा, कापणीच्या टेबलाशी बाईमागे सत्तर सेंटिमीटर आहेत.
दोन मीटर धरले तर सव्वीसांतल्या दहा उरतात.
घरी जाणाऱ्या सोळा कोणत्या,
ते तुमच्या कागदात कुठल्या पानावर आहे?"
मी म्हणते, निकष वस्तुनिष्ठ असावेत.
पलीकडे फ्रिजची घरघर ऐकू येते.
"वस्तुनिष्ठ," तो म्हणतो. "बरं.
त्यांतल्या चौघींच्या लग्नात मी नाचलोय."

वाईट माणूस नाही.
वाईट असता तर मसुदा
कालच संपला असता.

आणि ही चिठ्ठी, दाराखालून सरकवलेली,
बिलाच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीनं.
लुदोविना फ्रागा. माझ्या आईच्या शेजारी उभी राहून
तिनं बावीस वर्षं माशांची डोकी उडवली.
'फाटकात कपाळाला ते यंत्र लावतात.
अडतीस निघालं तर ते अडतीस कुणाचं,
माझं की कंपनीचं?
आणि घरी धाडलं तर तो दिवस कोण भरणार?
तू वकील आहेस म्हणून विचारते.'

मी वकील आहे म्हणूनच
उत्तर देता येत नाही, लुदोविना.
मी त्यांची आहे. फी त्यांनी भरलीय.
चिठ्ठी घडी करून मी इस्त्रीखाली ठेवते.
इस्त्री गार आहे.

कलम नऊ :
'लक्षणे स्वतःहून सांगणाऱ्या कोणाचेही वेतन,
शक्यतोवर, कापू नये.'

बराच वेळ पाहत बसते.
दोन बाजूंना दोन स्वल्पविराम,
आरामखुर्चीच्या हातांसारखे,
आणि मध्ये तो शब्द, पाय पसरून.
मी त्याला खुर्चीसकट उचलते.
बाहेर.

सकाळी बाल्तझारचा एका ओळीचा मेल :
'नऊमध्ये शक्यतोवर राहून गेलंय का?'
मी लिहिते, 'नाही.'
पुढे काही नाही. ना आभार, ना हरकत.

सोमवारी पाव आणायला गेले ती
मुद्दाम कारखान्यावरून.
कलम सहाप्रमाणे खिडक्या उघड्या होत्या.
आत हात धुण्याच्या नळाजवळ
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद.
मास्कमुळे लुदोविनाचा चष्मा वाफाळलेला,
म्हणून दोन मीटरवरून इर्मेलिंदा
तिला ओरडून वाचून दाखवत होती,
शब्द चावत, आकडे मोठ्यानं :
पाच. सहा. सात हातमोजे. आठ डबे आपापले.

मग पट्टा सुरू झाला,
डबे खडखडत निघाले,
आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

पाव गार होत होता.
मी फुटपाथवर थांबले.
वाजवी वेळ.